संभ्रमवाचक इंग्रजी शब्द : अर्थ, उपयोजन आणि मराठी पर्यायांचा प्रश्न

सारांश : इंग्रजीत मनाची संभ्रमावस्था दर्शविणारे अनेक शब्द आहेत. मराठी वाचकास व विद्यार्थ्यास ते बहुधा ‘गोंधळ’ या एकाच शब्दाच्या आधारे परिचित होतात. प्रस्तुत लेखात कन्फ्यूज, पर्प्लेक्स, बिविल्डर, बॅफल, पझल, मडल, बिम्यूझ, नॉनप्लस इत्यादी शब्दांच्या अर्थच्छटांची चिकित्सा केली आहे. यांपैकी प्रत्येक शब्द गोंधळाचे कारण व त्यातून सुटण्याचा मार्ग यांविषयी काही सुचवितो. त्यामुळे त्यांतील एकाची निवड म्हणजे एका अर्थी निदानच असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : समानार्थी शब्द, अर्थच्छटा, अर्थांतर, द्वैभाषिक कोश, भाषांतर.

१. प्रस्तावना

मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. तेव्हापासून इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीतून समजून घेण्याची एक दीर्घ परंपरा महाराष्ट्रात निर्माण झाली आहे. या परंपरेचे ऋण मोठे आहे. परंतु तिची एक मर्यादाही आहे. द्वैभाषिक कोश शब्दापुढे शब्द ठेवतो. मूळ भाषेत परस्परांपासून वेगळे असलेले चार-पाच शब्द जेव्हा दुसऱ्या भाषेतील एकाच शब्दापुढे येऊन थांबतात, तेव्हा त्यांच्यातील भेद वाचकाच्या दृष्टीस पडत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी वापरतात त्या लहान कोशांत संभ्रमवाचक शब्दांपुढे सामान्यतः ‘गोंधळात टाकणे’, ‘घोटाळ्यात पाडणे’ असेच अर्थ दिलेले दिसतात.

एकभाषिक साधनांनीही हा प्रश्न पूर्णतः सुटत नाही. पीटर मार्क रॉजे याचा थिसॉरस १८५२ मध्ये प्रकाशित झाला. त्याने शब्दांची मांडणी वर्णानुक्रमाने न करता कल्पनांनुसार केली. ही योजना लेखकास उपकारक ठरली. तथापि तेथे शब्दांच्या व्याख्या नाहीत. एका कल्पनेखाली आलेले शब्द परस्परांच्या जागी सहज वापरता येतात, असा समज अशा मांडणीतून दृढ होण्याचा धोका असतो. भाषेत संपूर्ण समानार्थी शब्द अत्यंत विरळ असतात. संभ्रमवाचक शब्दांचा गट हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

२. गोंधळ कोठे आहे : मनात की वस्तूत?

या शब्दांविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न असा, की गोंधळाचे अधिष्ठान कोणते? कन्फ्यूज हा शब्द लॅटिन कन्फुंडेरे या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘एकत्र ओतणे’ असा आहे. दोन द्रव पदार्थ एका पात्रात ओतले की कोणता कोणता हे ओळखता येत नाही. या मूळ कल्पनेत गोंधळ प्रथम वस्तूंचा आहे. मनाचा गोंधळ हा त्याचा परिणाम आहे. आजच्या वापरातही ही दुहेरी बाजू टिकून आहे. माणूस ‘कन्फ्यूज्ड’ असतो आणि एखादे निवेदनही ‘कन्फ्यूज्ड’ असू शकते.

‘कन्फ्यूज’ या क्रियापदाचा आणखी एक महत्त्वाचा प्रयोग म्हणजे एक वस्तू दुसरी समजणे. येथे ‘गोंधळ’ हा पर्याय दुबळा पडतो. मराठीत यासाठी ‘गल्लत’ हा नेमका शब्द उपलब्ध आहे. ‘कारण आणि परिणाम यांची गल्लत करणे’ असे म्हटले म्हणजे दोन भिन्न गोष्टी एकत्र ओतल्याचा मूळ अर्थ बिनचूक उतरतो.

मडल या शब्दाच्या मुळाशी ‘मड’ म्हणजे चिखल आहे. गढूळ झालेले पाणी हे त्याचे चित्र. कन्फ्यूज या शब्दात नसलेली एक छटा यात आहे. ती म्हणजे निष्काळजीपणाची. ‘मडल्ड’ विचार हा अवघड विषयामुळे नव्हे, तर विचार करणाऱ्याच्या शिथिलतेमुळे अस्पष्ट झालेला असतो. ‘मडल थ्रू’ या प्रयोगातही योजनेवाचून कसेबसे पार पडण्याचा भाव आहे.

केऑस हा शब्द याहून वेगळा आहे. तो पूर्णतः वस्तुस्थितीचा वाचक आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘आ वासलेली पोकळी’ असा होता. अव्यवस्था हा अर्थ नंतरचा. विज्ञानाने या शब्दास आणखी निराळा अर्थ दिला. एडवर्ड लॉरेन्झ याने १९६३ मध्ये हवामानाच्या सोप्या गणिती प्रतिमानाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि ली व यॉर्क यांनी १९७५ मध्ये ‘केऑस’ ही संज्ञा गणितात आणली. तेथे तिचा अर्थ नियमशून्यता असा नाही. नियम निश्चित असूनही आरंभीच्या सूक्ष्म फरकामुळे परिणाम फार वेगळे होतात, अशा वर्तनास ही संज्ञा लावतात. विज्ञानविषयक मराठी लेखनात तिच्यासाठी ‘गोंधळ’ हा शब्द योजल्यास सिद्धान्ताचा गाभाच हरवतो.

साहित्यसमीक्षेतील ॲम्बिग्विटी ही संज्ञाही येथे विचारात घेणे आवश्यक आहे. लॅटिनमध्ये तिचे मूळ ‘दोन्हीकडे हाकणे’ या कल्पनेत आहे. विल्यम एम्पसन याने १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ॲम्बिग्विटीचे सात प्रकार मांडले आणि ती काव्याची उणीव नसून सामर्थ्य असू शकते हे दाखविले. ॲम्बिग्विटी संहितेत असते, कन्फ्यूजन वाचकात. कविता संदिग्ध असूनही वाचक गोंधळलेला नसू शकतो. उलट अनेक अर्थ एकाच वेळी जाणवल्याचा त्यास आनंद होतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत या दोहोंची जी गल्लत होते, तिच्यामुळे कवीच्या गुणाची गणना दोषात केली जाते.

३. शब्दांतील प्रतिमा आणि सुटकेचा मार्ग

मनाच्या गोंधळाचे वाचक असलेले शब्द पाहिले असता त्यांच्या मुळाशी वेगवेगळी चित्रे आढळतात.

पर्प्लेक्स या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये ‘विणणे, गुंफणे’ या अर्थाच्या धातूत आहे. हे गुंत्याचे चित्र आहे. ज्ञान कमी पडल्यामुळे नव्हे, तर दोन तितक्याच बळकट गोष्टी परस्परांत अडकल्यामुळे माणूस ‘पर्प्लेक्स्ड’ होतो. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमॉनिडीझ याच्या प्रसिद्ध ग्रंथाचे नाव इंग्रजीत ‘गाइड फॉर द पर्प्लेक्स्ड’ असे रूढ झाले. त्याचा अपेक्षित वाचक अज्ञानी नाही. धर्मग्रंथ आणि तत्त्वज्ञान या दोहोंवर श्रद्धा असलेला व दोहोंच्या ओढीत सापडलेला तो सुशिक्षित माणूस आहे. कुरुक्षेत्रावरील अर्जुनाची अवस्थाही याच जातीची म्हणता येईल. दोन धर्मांचा तेथे गुंता झाला आहे. गुंता तोडावयाचा नसतो, उकलावयाचा असतो. म्हणून अशा वाचकास ‘मार्गदर्शक’ उपयोगी पडतो.

बिविल्डर हा शब्द सतराव्या शतकात प्रचारात आला. ‘वाइल्डर’ म्हणजे रानात नेऊन वाट चुकविणे, या जुन्या क्रियापदापासून तो बनला आहे. येथे गुंता नाही; येथे अफाट विस्तार आहे. म्हणूनच असंख्य पर्यायांनी भांबावून जाण्याच्या संदर्भात, उदाहरणार्थ ‘बिविल्डरिंग व्हरायटी’ अशा प्रयोगात, हा शब्द येतो. मराठी लोकसमजुतीत या चित्राचे हुबेहूब प्रतिरूप आहे. रात्री रानातून जाणाऱ्यास ‘चकवा’ लागतो आणि तो उजाडेपर्यंत त्याच त्या जागी फिरत राहतो. ‘रानभूल’ हाही तसाच शब्द. बिविल्डर या शब्दाचे मर्म विद्यार्थ्यास समजावून देण्यास ‘गोंधळ’ या शब्दापेक्षा ‘चकवा’ हा शब्द अधिक समर्थ आहे.

डिसओरिएंट या शब्दाच्या पोटात पूर्व दिशा आहे. पूर्व कोणती हे न उमजणे हा त्याचा मूळ भाव होय. मराठीतील ‘दिशाभूल’ हा शब्द घटनेच्या दृष्टीने त्याच्या अगदी जवळचा आहे. परंतु आज ‘दिशाभूल करणे’ म्हणजे हेतुपुरस्सर फसविणे. इंग्रजी शब्दात फसविणारा कोणी असावाच लागत नाही.

बॅफल या शब्दाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ वचनभंग करणाऱ्या सरदाराची जाहीर मानहानी करणे असा होता. पुढे निष्फळ करणे, अडविणे व बुद्धी कुंठित करणे हे अर्थ त्यास प्राप्त झाले. प्रवाह वा ध्वनी अडविण्यासाठी यंत्रात बसविलेल्या पडद्यासही ‘बॅफल’ म्हणतात. मनाच्या संदर्भातही त्यात आता भिंतीचे चित्र आहे : प्रयत्न झाला, पण तो पुढे जाईना. म्हणून हा शब्द जाणकारांच्या संदर्भात विशेष येतो. पोलीस, वैद्य, शास्त्रज्ञ ‘बॅफल्ड’ होतात. ज्याने प्रयत्नच केला नाही त्यास हा शब्द शोभत नाही.

पझल हे क्रियापद सोळाव्या शतकाच्या अखेरीस आढळते. त्याचे मूळ निश्चित नाही. ‘कोडे’ हा नामाचा अर्थ त्यानंतरचा. आज मात्र नामाची छाया क्रियापदावर पडली आहे. जे ‘पझल’ करते त्यास उत्तर आहे, असे गृहीत असते. ‘पझल आउट’ म्हणजे विचार करून उकलणे. या शब्दात भीती नाही, कुतूहल आहे.

नॉनप्लस हा शब्द लॅटिनमधील ‘याहून अधिक नाही’ या दोन शब्दांचा जोड आहे. जेथे पुढे काही बोलता वा करता येत नाही, अशी ती अवस्था. संस्कृतमधून मराठीत आलेला ‘किंकर्तव्यविमूढ’ हा शब्द तिला जवळचा आहे.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. आजचा इंग्रज वक्ता ‘पर्प्लेक्स्ड’ म्हणताना लॅटिन धातू स्मरत नाही. हा आक्षेप ग्राह्य आहे, आणि कन्फाउंड या शब्दावरून तो सिद्धही होतो. पराभूत करणे, लज्जित करणे हे त्याचे जुने अर्थ आज जवळपास लोपले आहेत. म्हणून व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे, ती केवळ सूचना होय. पुरावा वापराचा. पोलीस ‘बॅफल्ड’ का होतात, विविधता ‘बिविल्डरिंग’ का असते, कोडे ‘पझल आउट’ का केले जाते, हे शब्दांच्या सहचर्यावरून ठरते. वरील बहुतेक शब्दांत सहचर्य आणि मूळ चित्र यांचा मेळ बसतो. जेथे बसत नाही तेथे सहचर्यच प्रमाण मानावे लागते.

४. कर्ता कोण? वाक्यरचनेतील भेद

मराठी विद्यार्थ्याची अडचण केवळ शब्दार्थाची नाही; ती व्याकरणाचीही आहे. कन्फ्यूज, पर्प्लेक्स, बिविल्डर, बॅफल ही क्रियापदे प्रामुख्याने सकर्मक आहेत. कोणीतरी किंवा काहीतरी माणसाला गोंधळात टाकते. माणूस त्या क्रियेचे कर्म असतो. म्हणून माणसासाठी ‘कन्फ्यूज्ड’ आणि कारणासाठी ‘कन्फ्यूजिंग’ अशी रूपे होतात.

मराठीत याउलट गोंधळणे, भांबावणे, गांगरणे, बावचळणे, चक्रावणे ही सारी अकर्मक क्रियापदे आहेत. ‘तो गोंधळला’, ‘तिचा गोंधळ उडाला’, ‘ते बुचकळ्यात पडले’ या वाक्यांत गोंधळविणारा दिसत नाही. तो दाखवावयाचा झाल्यास ‘गोंधळात टाकणे’, ‘भांबावून सोडणे’ अशी संयुक्त रचना करावी लागते. मराठीची ही सहजप्रवृत्ती इंग्रजीत नेली की ‘आय ॲम कन्फ्यूजिंग’ असे वाक्य तयार होते. बोलणाऱ्यास स्वतःचा गोंधळ सांगावयाचा असतो. प्रत्यक्षात तो स्वतःस इतरांच्या गोंधळाचे कारण ठरवितो.

हा भेद मूल्यमापनातही महत्त्वाचा ठरतो. उत्तरपत्रिकेवर ‘कन्फ्यूजिंग’ असा शेरा असल्यास वाचणारा गोंधळला एवढेच कळते; विद्यार्थ्याचा विचार स्पष्ट असून केवळ मांडणी सदोष असू शकते. ‘कन्फ्यूज्ड’ असा शेरा विचारच सरमिसळ झाल्याचे सांगतो. पहिल्या दोषावर पुनर्लेखन हा उपाय आहे, दुसऱ्यावर पुनर्विचार. शेरा वाचणाऱ्यास दोन्ही रूपे सारखीच वाटली, तर शेऱ्याचा हेतूच विफल होतो.

५. अर्थांतर : संभ्रमवाचक शब्दांविषयीचा संभ्रम

या गटातील काही शब्दांच्या अर्थाविषयीच आज एकवाक्यता उरलेली नाही. अमेझ या शब्दाचा मूळ अर्थ बधिर करणे, मती गुंग करणे असा होता; वाटा चुकविणारी रचना ज्याने दर्शविली जाते तो ‘मेझ’ हा शब्द त्याचाच आप्त. आज ‘अमेझिंग’ ही केवळ प्रशंसा आहे. हे स्थित्यंतर पूर्ण झालेले असल्याने त्यातून घोटाळा होत नाही.

बिम्यूझ्ड आणि नॉनप्लस्ड यांची स्थिती मात्र अधांतरी आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अलेक्झांडर पोप याने बिम्यूझ्ड हा शब्द धुंद, बुद्धी मंदावलेला अशा अर्थाने योजला. आज अनेक लेखक ‘अम्यूझ्ड’ या शब्दाच्या ध्वनिसाम्यामुळे त्याचा अर्थ ‘किंचित गंमत वाटलेला’ असा घेतात, आणि मेरियम-वेब्स्टर कोशाने या अर्थाची नोंदही केली आहे. नॉनप्लस्ड या शब्दाचे अर्थांतर तर विरुद्ध टोकास गेले आहे. त्याचा ‘अविचल’ असा अर्थ अमेरिकेत रूढ होऊ लागला. आरंभीच्या ‘नॉन’ या नकारामुळे तसे होणे स्वाभाविक होते. परिणामी ‘तो नॉनप्लस्ड दिसला’ या वाक्यावरून तो हतबुद्ध झाला की निश्चल राहिला, हे संदर्भावाचून सांगता येत नाही. अशा शब्दांच्या बाबतीत शुद्धतेचा आग्रह धरण्यापेक्षा, औपचारिक लेखनात पुरेसा संदर्भ देणे किंवा दुसरा शब्द योजणे हाच विवेकाचा मार्ग ठरतो. फ्लमॉक्स, डिसकॉम्बॉब्युलेट हे शब्द अनौपचारिक, काहीसे विनोदी आहेत. कार्यालयीन पत्रात ते विसंगत ठरतात.

अशी स्थित्यंतरे मराठीसही अपरिचित नाहीत. ‘घोटाळा’ हा शब्द एकेकाळी प्रामुख्याने गोंधळाचा वाचक होता. आज वृत्तपत्राच्या मथळ्यात तो आर्थिक अपहाराचाच अर्थ देतो. ‘गोंधळ’ या शब्दातही संबळाच्या साथीने चालणारा देवीचा विधी आणि अव्यवस्था असे दोन अर्थ एकत्र नांदतात. म्हणूनच इंग्रजी शब्दापुढे मराठी पर्याय लिहिताना त्या पर्यायाचे आजचे वजनही तपासावे लागते.

६. व्यवहारातील परिणाम

हा भेद केवळ साहित्याच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. भारताच्या व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ मध्ये ‘भ्रामक सादृश्य’ असलेल्या चिन्हाची व्याख्या करताना फसवणूक होणे आणि कन्फ्यूजन उत्पन्न होणे या दोन शक्यता विकल्पाने, म्हणजे ‘किंवा’ या अव्ययाने जोडलेल्या आहेत. फसवणुकीत खोट्यावर विश्वास बसतो. कन्फ्यूजनमध्ये कोणते कोणाचे हेच ठरत नाही. फसविण्याचा हेतू नसतानाही दुसरी गोष्ट घडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स या प्रकरणात, हिवतापावरील फॅल्सिगो व फॅल्सिटॅब या औषधांच्या नावांचा विचार करताना, औषधांच्या बाबतीत नामसादृश्याची कसोटी अधिक कठोर असावी असे तत्त्व मांडले. कारण उघड आहे : येथील गल्लत जिवावर बेतू शकते. तरतुदीचा आशय मराठीत सांगताना दोन्ही संज्ञांसाठी ‘दिशाभूल’ हाच शब्द योजला, तर कायद्याने जपलेला भेद पुसला जाईल.

वैद्यकातही तसेच आहे. तेथे ‘कन्फ्यूजन’ हे लक्षण आहे. काळ, स्थळ आणि व्यक्ती यांचे भान रुग्णास आहे की नाही, हे तपासले जाते. डिलिरियम या शब्दाचे लॅटिन मूळ ‘तास सोडणे’, म्हणजे नांगर सरीबाहेर जाणे, असे आहे. शेतीशी परिचित असलेल्या मराठी वाचकास ते चित्र लगेच उमगेल. डिलिरियम अचानक उद्भवते व कमीअधिक होत राहते. डिमेन्शिया सामान्यतः हळूहळू वाढतो. घरातील वृद्ध व्यक्तीच्या वागण्यात एका दिवसात पडलेला फरक ‘वयामुळे गोंधळतात’ या वाक्यात झाकला गेला, तर तातडीने उपचार आवश्यक असलेला आजार दुर्लक्षित राहतो. येथे शब्दाची सैलता ही केवळ शैलीची उणीव उरत नाही.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. संभ्रमवाचक इंग्रजी शब्दांतील भेद हा तीव्रतेच्या पायऱ्यांचा नसून गोंधळाच्या प्रकाराचा आहे. गुंता उकलावा लागतो, रानात वाट दाखवावी लागते, गढूळ पाणी निवळू द्यावे लागते, भिंतीला वळसा घालावा लागतो आणि कोड्याचे उत्तर शोधावे लागते. जो वक्ता योग्य शब्द निवडतो तो साहाय्याचे स्वरूपही सुचवितो.

मराठी या बाबतीत दरिद्री नाही. गल्लत, गुंता, चकवा, भांबावणे, बुचकळ्यात पडणे, कुंठित होणे, किंकर्तव्यविमूढ असे समर्थ शब्द तिच्याजवळ आहेत. त्यांचा विनियोग मात्र कोशांत आणि वर्गात पुरेसा होत नाही. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी शेक्सपिअरच्या ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’ या नाटकावरून १८६९ मध्ये बंगालीत ‘भ्रांतिविलास’ रचले. ‘एरर’ या शब्दाच्या लॅटिन मुळात भटकणे आहे आणि ‘भ्रांति’ या शब्दाच्या संस्कृत मुळातही तेच आहे. नेमका पर्याय आपल्याच भाषाभांडारात सापडू शकतो, याचा हा सुंदर दाखला होय. विद्यार्थ्यास एका शब्दापुढे एक अर्थ पाठ करावयास देण्याऐवजी ‘हा गोंधळ कोठे आहे, कशामुळे आहे आणि कशाने मिटेल’ हे तीन प्रश्न विचारावयास शिकविले, तर या शब्दांचा अभ्यास शब्दसंग्रहापुरता न राहता विचाराच्या शिस्तीचा भाग बनेल.